चंद्राचा क्षय आणि बंगळूरचे ‘अ‍ॅव्हलॉन’

कवींनी क्षयाला सौंदर्य बहाल केले, भयकथांनी साथीला पिशाचाचे रूप दिले. दोन्हीकडे आजारी माणूस मात्र दाराआड एकटाच राहिला. ते दार बऱ्याच अंशी जिथून उघडले गेले, त्या बंगळूरची ही कहाणी.

बंगळूरच्या बल्लारी रोडवर आठ क्रमांकाचे आवार आहे. झाडांच्या सावलीतल्या तिथल्या जुन्या वास्तूचे नाव आहे ‘अ‍ॅव्हलॉन’. इंग्रजी दंतकथांशी थोडीफार ओळख असलेला माणूस हे नाव वाचून क्षणभर थबकेल. आर्थर राजा शेवटच्या लढाईत घायाळ होतो. काळी वस्त्रे ल्यालेल्या राण्या त्याला नावेत निजवून दूरच्या एका बेटावर नेतात. तिथे ना लढाई, ना माणसांचा कोलाहल. तिथल्या एकांतात त्याची जखम भरून येईल, अशी आशा असते. ते बेट म्हणजे अ‍ॅव्हलॉन. एकोणिसाव्या शतकात टेनिसनने या कथेला काव्यरूप दिले आणि इंग्रजी वाचणाऱ्या घराघरात ती पोहोचली.

बंगळूरच्या ‘अ‍ॅव्हलॉन’मध्ये मात्र कोणी राजा येऊन निजला नाही. १९५९ साली केंद्र सरकारने जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने इथे राष्ट्रीय क्षयरोग संस्था सुरू केली. सूक्ष्मदर्शक यंत्रे, थुंकीच्या काचपट्ट्या, गावोगावच्या याद्या, खतावण्यांसारख्या जाड नोंदवह्या, असा सगळा रुक्ष कारभार. १९६० मध्ये पंडित जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते संस्थेचे रीतसर उद्घाटन झाले. पंतप्रधानांच्या असंख्य उद्घाटनांपैकी ते एक, असे कोणालाही वाटेल. पण क्षय नेहरूंच्या घरचाच पाहुणा होता. कमला नेहरू १९३४-३५ मध्ये नैनिताल जिल्ह्यातल्या भोवालीच्या सॅनिटोरियममध्ये होत्या, तेव्हा नेहरू जवळच्याच अल्मोडा तुरुंगात बंदिवान होते. पत्नी डोंगरातल्या इस्पितळात, पती डोंगरातल्या कोठडीत. पुढे कमलाबाईंना युरोपात नेण्यात आले, नेहरूंची सुटका झाली, ते धावत गेले. पण २८ फेब्रुवारी १९३६ रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान येथे कमलाबाईंनी देह ठेवला. वय अवघे ३६. नेहरूंनी आपले आत्मचरित्र त्यांच्या स्मृतीला अर्पण केले आहे.

आजारी माणसाला दूर नेऊन ठेवायचे, हा त्या काळचा उपचार होता आणि तोच त्या काळच्या साहित्याचा आवडता प्रसंगही होता. बंगळूरच्या या संस्थेने नेमके उलटे काम केले. ते कसे, हे पाहण्याआधी साहित्याने या एकांताचे काय काय केले, ते पाहायला हवे.

आकाशातला पहिला रुग्ण

क्षयाला प्रेमाशी जोडण्याचा मान एकट्या युरोपचा नाही. आपल्या पुराणांत या रोगाचा पहिला रुग्ण साक्षात चंद्र आहे. दक्षाने आपल्या २७ मुली चंद्राला दिल्या. चंद्राचा जीव मात्र एकट्या रोहिणीवर. बाकीच्या बहिणींनी वडिलांकडे गाऱ्हाणे नेले आणि दक्षाने जावयाला शाप दिला, ‘तुला क्षय होईल.’ चंद्र झिजू लागला. पुढे प्रभासक्षेत्री, म्हणजे आजच्या सोमनाथला, स्नान आणि शिवाराधना केल्यावर त्याला अर्धा उःशाप मिळाला. पंधरा दिवस झिजायचे, पंधरा दिवस भरायचे. राजाला झाला म्हणून तो ‘राजयक्ष्मा’. महाभारतात तरुण विचित्रवीर्य याच रोगाने जातो आणि सगळी वंशकथा वेगळे वळण घेते. म्हणजे सुंदर, प्रेमात बुडालेला, तरुण आणि झिजत चाललेला नायक आपल्याकडे हजारो वर्षे आकाशात लटकलेला आहे!

इंग्लंडमध्ये हाच नायक कवीच्या रूपाने अवतरला. जॉन कीट्स २३ फेब्रुवारी १८२१ रोजी रोममध्ये क्षयाने गेला, तेव्हा त्याचे वय २५ होते. ब्रॉन्टी भावंडांपैकी ब्रॅनवेल आणि एमिली १८४८ मध्ये गेले, अ‍ॅन १८४९ मध्ये. पॅरिसमध्ये मारी द्युप्लेसी ही गणिका १८४७ साली २३ व्या वर्षी क्षयाने मेली. पुढच्याच वर्षी तिच्या एकेकाळच्या प्रियकराने, धाकट्या अलेक्झांडर द्युमाने, तिच्यावरून कादंबरी लिहिली, आणि १८५३ मध्ये व्हर्दीने त्या कथेचा ऑपेरा केला. फिकट चेहरा, चमकते डोळे, गालांवर तापाची लाली. रोगाची लक्षणे बघता बघता सौंदर्याची लक्षणे झाली. आपण क्षयाने मरावे म्हणजे बायका म्हणतील, बिचारा किती मोहक दिसतो, असे कवी बायरन थट्टेने म्हणाल्याचे सांगतात. त्याच्या थट्टेत त्या पिढीची सगळी फॅशन आली.

मराठीत हे नाव घ्यायचे तर राम गणेश गडकरी. कवी म्हणून गोविंदाग्रज, विनोदी लेखक म्हणून बाळकराम आणि नाटककार म्हणून स्वतःच्याच नावाने गाजलेले गडकरी क्षयाने खंगत गेले. ‘भावबंधन’ त्यांनी अखेरच्या आजारपणात पुरे केले. ‘राजसंन्यास’ अपुरेच राहिले. २३ जानेवारी १९१९ रोजी नागपूरजवळच्या सावनेरला ते गेले, ३३ वर्षांचे असताना. ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले ते त्यांच्या मृत्यूनंतर. प्रेमाचा शाहीर, अकाली मृत्यू, अपुरे नाटक, यातून दंतकथा उभी राहायला किती वेळ लागणार? पुढे आपल्या सिनेमाने हा वारसा इमानेइतबारे चालवला. नायिका खोकते, पांढरा रुमाल तोंडाला लावते, रुमालावर लाल ठिपका दिसतो आणि थिएटरात हुंदके सुरू होतात. त्या रुमालाचे पुढे काय करायचे, तो कोणी धुवायचा, हे कोणत्याही दिग्दर्शकाने दाखवलेले नाही.

कीट्सचे अखेरचे दिवस प्रत्यक्षात कसे गेले, हे वाचले की काव्य उतरते. तो स्वतः डॉक्टरकीचे शिक्षण घेतलेला होता. उशीवर पडलेल्या रक्ताचा रंग पाहूनच त्याने आपले भवितव्य ओळखले होते. हवापालटासाठी तो बोटीने इटलीला निघाला. नेपल्सच्या बंदरात पोहोचल्यावर, लंडनमध्ये साथ असल्याच्या संशयावरून, सगळी बोट दहा दिवस किनाऱ्यापासून दूर अडकवून ठेवली गेली. एका कोंदट खोलीत, सहप्रवाशांच्या खोकल्यात त्याचे ते दिवस गेले, आणि सुटका झाली तो त्याचा पंचविसावा वाढदिवस होता. रोममधल्या डॉक्टरने त्याचे रक्त काढले आणि पोटाला दिवसाकाठी जवळजवळ उपासाचाच आहार ठेवला. सोबतीला जोसेफ सेव्हर्न हा चित्रकार मित्र एकटा. प्रेयसीची शेवटची पत्रे उघडण्याचे धैर्य कीट्सला झाले नाही. ती तशीच मिटलेली त्याच्याबरोबर पुरली गेली. तो गेल्यावर रोमच्या कायद्याप्रमाणे खोलीतले सामान जाळण्यात आले, भिंतीही खरवडून काढल्या गेल्या. इंग्लंडमध्ये त्याच्यावर विलापिका लिहिल्या जात होत्या तेव्हाची ही गोष्ट.

भीतीला सुळे फुटतात

एकांताची दुसरी बाजू भयकथांनी उचलली. इंग्रजीत ज्याला गॉथिक म्हणतात, त्या साहित्यात पडका वाडा, बंद खोली, तळघर आणि त्यात कोंडलेले कोणीतरी हमखास असते. नारायण धारपांच्या कथा रात्री दिवा चालू ठेवून वाचणाऱ्या मराठी वाचकाला हे वातावरण समजावून सांगायला नको. मात्र या भुतांच्या मुळाशी अनेकदा साधा रोग असतो, हे फारसे ध्यानात येत नाही.

अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात एक्झेटर नावाचे खेडे आहे. तिथल्या एका शेतकऱ्याच्या घरात आई गेली, थोरली मुलगी गेली, १८९२ च्या जानेवारीत मर्सी ही १९ वर्षांची मुलगी गेली आणि मुलगा एडविन अंथरुणाला खिळला. सगळे क्षयाने. गावकऱ्यांनी ठरवले की मेलेल्यांपैकी कोणीतरी थडग्यातून उठून जिवंतांचे रक्त शोषते आहे. मार्चमध्ये थडगी उकरली. कडाक्याच्या थंडीत मर्सीचे प्रेत फारसे कुजले नव्हते, म्हणून दोष तिच्यावर आला. तिचे काळीज जाळून राख एडविनला औषध म्हणून पाजली. दोन महिन्यांत तोही गेला. बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू शोधून काढल्याचे जाहीर केले होते २४ मार्च १८८२ रोजी, म्हणजे त्याच्या दहा वर्षे आधी! १८९७ साली ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ प्रसिद्ध झाली. त्यातली ल्यूसी दिवसेंदिवस पांढरीफटक पडत जाते, श्वास लागतो, डॉक्टरांना निदान होत नाही. त्या काळच्या वाचकांनी असा चेहरा घरात पाहिलेला होता.

एडगर अ‍ॅलन पो या अमेरिकन लेखकाचे उदाहरण तर चटका लावणारे आहे. १८४२ च्या जानेवारीत त्याची तरुण पत्नी व्हर्जिनिया गाता गाता थांबली आणि तिच्या तोंडातून रक्त आले. त्याच वर्षी पोने लाल मृत्यूच्या साथीची ती प्रसिद्ध कथा लिहिली. राज्यात साथ थैमान घालते आहे आणि राजपुत्र प्रॉस्पेरो हजार सरदारांना घेऊन तटबंदीच्या मठात शिरतो, दारे आतून बंद करून घेतो, नाचरंग सुरू ठेवतो. शेवटी रोग वेषांतर करून आत येतोच. या कथेत एकांतात रोगी नसून धडधाकट माणसे आहेत, हे विशेष. २०२० साली बंद फाटकाच्या गृहसंकुलांत राहिलेल्यांना ही कथा पुन्हा वाचायला हरकत नाही.

प्लेग येतो दारी

‘ड्रॅक्युला’ लंडनमध्ये छापली जात होती त्या वर्षी पुण्यात भीती कागदावर उरली नव्हती. मुंबईत १८९६ मध्ये आलेला प्लेग पुण्याला पोहोचला होता. गोरे सोजिर घरात घुसून रोगी शोधत, सामान रस्त्यावर फेकत, माणसांना विलगीकरणाच्या छावण्यांत नेत. सावित्रीबाई फुले या दिवसांत हडपसरजवळच्या माळावर यशवंतरावांच्या दवाखान्यात रुग्ण आणून पोहोचवत होत्या. प्लेग झालेल्या एका मुलाला त्यांनी पाठीवर उचलून नेले आणि त्याच प्लेगने १० मार्च १८९७ रोजी त्यांचा मृत्यू झाला. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी प्लेग कमिशनर रँडवर गोळी झाडली. ती रात्र व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाची होती. गंमत म्हणा की योगायोग, त्याच २२ जून रोजी, त्याच महोत्सवानिमित्त, बंगळूरमध्ये म्हैसूरच्या महाराणींच्या हस्ते व्हिक्टोरिया हॉस्पिटलची कोनशिला बसली.

पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, रेल्वेच्या वाटेने प्लेग बंगळूरला आला. दाट वस्तीची जुनी पेठ ओस पडू लागली. लोक शहराबाहेर झोपड्या बांधून राहिले. आज ज्यांचा उल्लेख कौतुकाने होतो ती मल्लेश्वरम आणि बसवनगुडी ही उपनगरे त्याच दशकातली. सरळ रुंद रस्ते, घराघरांत अंतर, मागच्या बाजूने सफाईची गल्ली. ती सुबक आखणी डोळ्यांना सुखावते, पण तिच्या पाठीशी प्लेगचा धाक होता. दुसरीकडे सामान्य माणसाने आपल्या परीने उपाय केला. जुन्या वस्त्यांत ‘प्लेग मारियम्मा’ची देवळे उभी राहिली आणि ती आजही आहेत. आपल्याकडे मरीआईचा गाडा वेशीबाहेर ढकलत नेतात. बंगळूरकरांनी रोगाच्या देवीला गल्लीतच जागा दिली आणि इंग्रजी नावासकट तिला हळदकुंकू वाहिले.

मराठी रोमँटिक कवितेचा उद्गाता केशवसुत याच प्लेगने गेला. धारवाडच्या शाळेत ते मराठीचे शिक्षक होते. हुबळीला गेले असताना ७ नोव्हेंबर १९०५ रोजी त्यांना मृत्यूने गाठले. चाळिशीही पुरी झाली नव्हती. काही दिवसांतच त्यांच्या पत्नीही त्याच रोगाने गेल्या. ज्याने मराठीत कीट्स-शेलीचा वारा आणला, त्याच्या वाट्याला कीट्सचा ‘काव्यमय’ रोग आला नाही. काखेत गाठ आणणाऱ्या रोगात काव्य शोधायला कोणी धजत नाही.

कन्नडमध्ये मात्र एका लेखकाने त्या रोगाकडे रोखून पाहिले. यू. आर. अनंतमूर्ती इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला संशोधन करत असताना त्यांनी बर्गमनचा ‘द सेव्हन्थ सील’ हा प्लेगच्या काळातला स्वीडिश चित्रपट पाहिला. चित्रपटाला इंग्रजी तळओळी नव्हत्या. भाषा कळली नाही, पण आपल्या मलनाडातल्या अग्रहाराची गोष्ट लिहायची ऊर्मी मिळाली. ‘संस्कार’ ही कादंबरी १९६५ साली आली. दूर्वासपुर नावाच्या अग्रहारात नारणप्पा हा धर्म मोडणारा ब्राह्मण शिवमोग्ग्याहून ताप घेऊन परततो आणि मरतो. त्याचे अंत्यसंस्कार कोणी करायचे, यावर खल चालू राहतो. प्रेत घरात पडून. संस्कार होईपर्यंत कोणाला जेवता येत नाही. उंदीर पटापट मरून पडतात, कौलांवर गिधाडे येऊन बसतात आणि ती हाकलायला शंख-घंटा वाजवतात. प्लेग आला आहे, हे कोणाच्या लक्षातच येत नाही. वेशीबाहेरच्या दलितांच्या झोपड्यांतही माणसे मरतात आणि झोपड्या प्रेतांसकट पेटवल्या जातात. अग्रहाराला त्याची खबरही नसते. पो किंवा स्टोकरला सुचावे असे हे सगळे दृश्य आहे, फरक इतकाच की इथे पिशाच नाही. प्रेताजवळ जायला तयार असते ती फक्त चंद्री, नारणप्पाची रखेल. तीच एका मुसलमान मासेवाल्याच्या मदतीने रात्री गुपचूप अग्नी देऊन मोकळी होते. आणि कथेचा नायक प्राणेशाचार्य? वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेल्या पत्नीची सेवा हा त्याने आपला धर्म मानलेला. त्या सेवेत प्रेम किती आणि पुण्याचा हिशेब किती, हा प्रश्न अनंतमूर्ती शांतपणे विचारतात. घरात दीर्घ आजारी माणूस असलेल्या कोणालाही तो प्रश्न टोचल्याशिवाय राहणार नाही.

१९७० मध्ये या कादंबरीवर चित्रपट निघाला. दिग्दर्शक पट्टाभिराम रेड्डी, प्राणेशाचार्य झाले माथेरानला जन्मलेले गिरीश कार्नाड आणि चंद्री झाल्या स्नेहलता रेड्डी, दिग्दर्शकाच्या पत्नी. सेन्सॉरने आधी चित्रपट अडवला. नंतर त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पडद्यावर सगळ्यांनी वाळीत टाकलेल्या देहाची सोबत करणाऱ्या स्नेहलतांच्या वाट्याला पुढे खरा एकांत आला. आणीबाणीत १९७६ साली त्यांना बडोदा डायनामाइट प्रकरणाच्या संदर्भात पकडून बंगळूरच्या मध्यवर्ती तुरुंगात ठेवण्यात आले. त्यांना जुना, जबर दमा होता. कोठडीत दम्याचे झटके वाढत गेले. त्याही अवस्थेत त्या तुरुंगात डायरी लिहीत होत्या. प्रकृती ढासळल्यावर १९७७ च्या जानेवारीत पॅरोलवर सुटका झाली आणि थोड्याच दिवसांत, त्याच महिन्यात, त्यांचा मृत्यू झाला. आजार, बंद दार आणि लेखणी ही तिन्ही ज्यात आहेत अशी बंगळूरची खरी कथा शोधायची, तर ती ही. तिला कोणताही वाडा किंवा वादळी रात्र लागत नाही.

तुमकूरच्या खेड्यांत विचारलेला प्रश्न

प्लेग आठवडाभरात निकाल लावतो. क्षय वर्षानुवर्षे घरात मुक्काम ठोकतो, म्हणून त्याचा एकांतही लांबलचक. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या एकांताला इमारत मिळाली, ती सॅनिटोरियमची. डोंगरावरची हवा, व्हरांड्यातल्या खाटा, दूध-अंडी, सक्तीची विश्रांती. टोमास मानने १९२४ साली अशाच एका स्विस सॅनिटोरियमवर जाडजूड कादंबरी लिहिली. त्यात तीन आठवड्यांसाठी आजारी भावाला भेटायला आलेला तरुण सात वर्षे राहतो. आपल्याकडे मिरजेजवळ वानलेसवाडीला, बंगळूरहून फार लांब नसलेल्या मदनपल्लीला, खुद्द म्हैसूरला अशी आरोग्यधामे होती. तिथल्या डॉक्टरांनी मनापासून काम केले, यात शंका नाही. पण देशात रुग्ण लाखांनी आणि खाटा काही हजार. ज्याला खाट मिळाली त्याचे घर सुटले. ज्याला मिळाली नाही तो घराच्या पडवीत, वेगळ्या ताटवाटीनिशी, वाट पाहत राहिला. मुलगी असेल तर बहुधा माहेरी पाठवलेली.

मग औषधे आली. १९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन, १९५२ पासून आयसोनियाझिड. प्रश्न असा पडला की आता माणसाला दूर ठेवायची गरज आहे का? याचे उत्तर शोधले गेले मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत. १९५६ साली तिथे वॉलेस फॉक्स या ब्रिटिश डॉक्टरच्या देखरेखीखाली गरीब वस्तीतले दोनशेच्या आसपास रुग्ण निवडून चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. निम्मे सॅनिटोरियममध्ये, निम्मे आपल्या घरी. औषधे दोघांना तीच, वर्षभर. सॅनिटोरियममधल्यांना सकस अन्न, विश्रांती, परिचारिका. घरच्यांना तीच अंधारी खोली, तेच अपुरे जेवण, कित्येकांना तेच कामधंदे. आणि तरी दोन्ही गट जवळपास सारखेच बरे झाले! त्याहून मोठी गोष्ट पुढच्या पाच वर्षांत दिसली. ज्यांच्या घरात रुग्ण राहिला, त्या बायकामुलांत नव्या क्षयाचे प्रमाण सॅनिटोरियमवाल्यांच्या कुटुंबांपेक्षा जास्त निघाले नाही. औषध सुरू झाल्यावर रुग्णाचा संसर्ग झपाट्याने ओसरत होता. डोंगर, व्हरांडा, शाली पांघरून केलेला एकांतवास यांची गरज एका अहवालाने संपवली. जगभरची सॅनिटोरियम एकामागून एक बंद होऊ लागली किंवा साधी इस्पितळे झाली.

पण औषध आहे म्हणून ते माणसापर्यंत पोहोचतेच असे नाही. इथे बंगळूरचे ‘अ‍ॅव्हलॉन’ पुढे आले. त्या काळी शहाण्यासुरत्या लोकांचा ठाम समज होता की खेड्यातला माणूस अडाणी, तो खोकल्याला आजारच मानत नाही, देवऋष्याकडे जातो, रोग लपवतो. त्याला मोटारीतून एक्स-रे यंत्र नेऊन शोधून काढावे लागेल. राष्ट्रीय क्षयरोग संस्थेतले देबाबर बॅनर्जी हे डॉक्टर आणि स्टिग अँडरसन हे डेन्मार्कचे तज्ज्ञ यांनी १९६० नंतर बंगळूरशेजारच्या तुमकूर जिल्ह्यातल्या खेड्यांत एक साधी गोष्ट केली. छातीत दोष आढळलेल्या माणसांच्या घरी जाऊन त्यांना विचारले, तुम्हाला काय होते आहे आणि त्यासाठी तुम्ही काय केलेत?

१९६३ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे निष्कर्ष आजही वाचणाऱ्याला खाली मान घालायला लावतात. बहुतेकांना आपल्याला काहीतरी झाले आहे, याची पुरती जाणीव होती. निम्म्याच्या आसपास लोक आपण होऊन दवाखान्यापर्यंत चालत गेलेही होते. तिथे त्यांना खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन परत पाठवले होते. थुंकी तपासली नव्हती. रोग लपवणारा, अंधश्रद्ध, दाराआड बसलेला रुग्ण बऱ्याच अंशी शिकलेल्यांच्या कल्पनेतला होता. प्रत्यक्षातला रुग्ण दाराबाहेर येऊन उभा होता आणि आतल्यांनी त्याला ओळखले नव्हते. दीडशे वर्षे कवी आणि कथाकार ज्याच्या मनाचा थांग लावत होते, त्याला कोणीतरी थेट प्रश्न विचारण्याचे भाग्य तुमकूरच्या शेतकऱ्यांना लाभले.

याच अभ्यासावर १९६२ च्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाची उभारणी झाली. वेगळे सॅनिटोरियम नको, फिरत्या गाड्यांवर भिस्त नको. साध्या आरोग्य केंद्रात सूक्ष्मदर्शक ठेवा, खोकत येणाऱ्याची थुंकी तपासा, औषध द्या, घरी पाठवा. सगळे कागदावर ठरले तसे घडले असे मात्र नाही. औषधांचा तुटवडा, अर्ध्यावर सोडलेले उपचार, नंतर औषधांना न जुमानणारा क्षय, या दुखण्यांनी कार्यक्रम अनेक वर्षे कुथत चालला. १९९७ पासून आरोग्यसेवकाच्या डोळ्यांदेखत गोळ्या घेण्याची पद्धत आली आणि त्यात पुढेही बदल होत गेले.

ताटवाटी अजून वेगळीच

आज साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा आहे आणि सरकारी केंद्रात मोफत मिळतो. दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला, संध्याकाळचा ताप, घटणारे वजन यांपैकी काही दिसले की थुंकी तपासून घ्यावी. गोळ्या मध्येच सोडू नयेत, हे सर्वांत महत्त्वाचे, कारण महिनाभरात बरे वाटू लागते आणि तिथेच घात होतो. रुग्णाच्या पोषणासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये खात्यात जमा होऊ लागले, नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १,००० रुपये झाली. क्षय हवेतून पसरतो. ताटवाटी, कपडे किंवा अंथरूण यांतून पसरत नाही. सुरुवातीचे काही दिवस तोंडावर मास्क, खोलीत खेळती हवा आणि वेळेवर गोळ्या एवढे पथ्य पुरते.

तरी कित्येक घरांत आजही रुग्णाची ताटवाटी पहिल्या दिवशी वेगळी होते आणि रोग बरा झाल्यावरही ती पुन्हा मांडणीवर चढत नाही. मुलीचे लग्न ठरत असेल तर रोगाचे नाव ‘अशक्तपणा’ होते, सासरच्यांपासून गोळ्या डब्याच्या तळाशी लपवल्या जातात. सुशिक्षित घरांत हे कमी आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. मोठ्या शहरांत फ्लॅटच्या पातळ भिंतींआड ते अधिकच कसोशीने पाळले जाते.

नव्या पद्धतीत रुग्ण नोंदला गेला की आरोग्यसेविका त्याच्या घरी जाते. घरात आणखी कोणी खोकते आहे का ते पाहते; पाच वर्षांखालील मुले असतील तर त्यांना रोग होऊ नये म्हणून आधीच औषध सुरू करता येते. तुमकूरमध्ये विचारला गेला तोच प्रश्न ती उंबऱ्यात बसून विचारणार असते. या भेटीला अनेक कुटुंबे कबूल असतात, अट एकच घालतात. येताना गणवेश नको, हातात संस्थेची पिशवी नको, शेजारणीने विचारले तर दूरची मामी आली आहे असे सांगायचे. आणि जिथे तेही जमणार नसते तिथे रुग्ण घराचा पत्ता देतच नाही. कोपऱ्यावरच्या दुकानापाशी थांबा, मी गोळ्या घ्यायला तिकडेच येतो, असा निरोप येतो. सेविका पिशवी पदराखाली घेऊन त्या कोपऱ्यावर उभी राहते.